बिल वेगळं, काळोख वेगळा: सोलरची कोटेशनं वाचताना

एसटीच्या हिशेब खात्यात एकतीस वर्षं काढली. त्यामुळे कागद हातात आला की खालचा आकडा बघायच्या आधी वरच्या ओळी वाचायची खोड जडली आहे. गेल्या पावसाळ्यानंतर घरावर सोलर बसवायचं ठरलं तेव्हा ती खोड उपयोगी पडली. आमचं घर कोकणात, दापोली तालुक्यातल्या केळशीच्या अलीकडे, दर्यापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर. पुढचा भाग कौलारू, मागच्या स्वयंपाकघरावर स्लॅब. चिपळूण, खेड आणि दापोली अशी तीन ठिकाणची कोटेशनं आणली: १,१८,०००, १,४२,२५० आणि १,५२,०००. तिन्ही २ किलोवॅटची. ३४ हजारांचा फरक बघून वाडीतल्या प्रत्येकाने सांगितलं, पहिलंच घे, पत्रे काय आणि पॅनेल काय, ऊन सारखंच पडतं.

कोटेशन मागवायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: बिल कमी करायचंय की लाइट गेल्यावर घरात उजेड हवाय? ही दोन वेगळी कामं आहेत आणि विकणारे ती मुद्दाम एकात गुंडाळतात. साधी ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेली सोलर, लाइट गेली की बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या विजेचा शॉक बसू नये म्हणून पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा इन्व्हर्टर आपणहून थांबतो. माझ्या चुलतभावाला हे पॅनेल चढल्यावर कळलं. भर दुपारी बारा वाजता डोक्यावर रखरखीत ऊन, वर सव्वा लाखाची पॅनेलं, आणि खाली हा ओटीवर पंख्याने वारा घेतोय. विजेच्या नव्हे, ताडाच्या.

आधी बिलाचं बघू. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांची बेरीज करा. एका महिन्यावर जाऊ नका, कारण मे महिन्यात मुंबईची मंडळी आली की विहिरीवरचा पंप आणि फ्रिज दम खात नाहीत, आणि जानेवारीत पंखासुद्धा लागत नाही. आमची बेरीज २,७६० युनिट आली. विक्रेते १ किलोवॅटला रोज ४ युनिट धरून वर्षाला १,४६० सांगतात. देशावर ठीक आहे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ फाटलेलं असतं, म्हणून मी १,३०० च धरले. ५४० वॅटची चार पॅनेलं म्हणजे २.१६ किलोवॅट, त्याचे साधारण २,८०० युनिट. पुरे झालं.

मग ३ किलोवॅट का घेत नाही, असं तिघांनीही विचारलं. कारण केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० अनुदान आहे, तिसऱ्याला १८,०००, आणि ३ किलोवॅटपुढे कितीही लावा, ७८,००० वरच थांबतं. ‘पूर्ण सबसिडी घ्या’ हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण वर्षभरात आपण वापरून उरलेले, महावितरणच्या लाइनला गेलेले युनिट मार्चअखेर हिशेबात निघतात तेव्हा त्यांना मिळणारा दर आपण भरतो त्या दराच्या जवळपासही नसतो. जेवढं जेवायचं तेवढंच शिजवावं. घरात एसी येणार असेल किंवा मुलगा परत गावी राहायला येणार असेल तर गोष्ट निराळी.

आता कोटेशनच्या ओळी. १,४२,२५० च्या कागदावर मूळ रक्कम १,२५,००० आणि त्यावर १३.८ टक्के जीएसटी होता. सोलरमध्ये ७० टक्के रक्कम मालाची आणि ३० टक्के सेवेची धरतात. मालावर पूर्वी १२ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला. सेवेवरचा १८ टक्के तसाच. म्हणजे आता एकूण ८.९ टक्के. कागद ऑक्टोबरचा, दर जुना. मी फोन केला तर पलीकडचा पोरगा म्हणाला, ‘काका, तो जुना फॉरमॅट राहिला.’ फॉरमॅट राहिला, पण ६,१२५ रुपये माझे जात होते. बिचाऱ्याने लगेच १,३६,१२५ करून दिलं.

१,१८,००० च्या कागदावर तर ओळीच नव्हत्या. ‘संपूर्ण सिस्टीम, सर्व समावेशक’. हिशेबात ‘इतर खर्च’ असा एकच आकडा दिसला की आम्ही फाइल परत पाठवायचो. मी त्याला घरी बोलावलं आणि स्लॅबवर नेलं. तिथे टीव्हीच्या डिशचा जुना पाइप आहे. आठ वर्षांपूर्वी बसवला तेव्हा चकचकीत होता. त्याच्या बुडाशी असलेला नट मी दोन बोटांत धरून दाबला. नाचणीच्या पापडासारखा पापुद्रा सुटला, तळहातावर तांबडी पूड राहिली. म्हटलं, ‘तुझं लोखंड हेच ना?’ तो हसला, पण त्याला कळलं.

खाऱ्या वाऱ्यात पॅनेल टिकतं, मरतं ते त्याखालचं लोखंड. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्याने सगळ्यात जास्त वेळ स्ट्रक्चरच्या ओळीवर घालवावा. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे तयार झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवलेलं, आणि त्या थराची जाडी किमान ८० मायक्रॉन, असं लिहून घ्यायचं. बाजारात आधीच जस्त लावलेल्या पातळ पत्र्याचे चॅनेल मिळतात; ते जागेवर कापले की कापलेल्या कडेला जस्त उरत नाही आणि पहिल्या पावसाळ्यात तिथूनच गंज चढतो. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, ३०४ ग्रेडचे. लाटांचे तुषार पोचतात अशा घराला ३१६. पॅनेलला खाऱ्या धुक्याच्या चाचणीचं, आयईसी ६१७०१ चं प्रमाणपत्र आहे का तेही विचारायचं. अनुदान हवं असेल तर सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेले लागतात, त्याला विक्रेते डीसीआर म्हणतात. स्वस्त कोटेशनात हे अक्षर नसेल तर अनुदानही नाही.

वाऱ्याचंही लिहून घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या आगरातल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. ज्याच्या स्ट्रक्चरला ताशी १५० किलोमीटरचा वारा सहन होईल असं लेखी मिळत नाही, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही. स्लॅबला केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेले बोल्ट) मारणार की नुसते काँक्रीटचे ठोकळे ठेवणार, आणि भोकं मारली तर गळतीची जबाबदारी कोणाची, तेही त्याच ओळीत. कौलांवर मी लावू दिलं नाही. वर चढणाऱ्या माणसाच्या पायाखाली कौलं फुटतात आणि मग पागोळ्या घरात पडतात.

अर्थिंगसाठी तीन वेगळे खड्डे लागतात: डीसीचा, एसीचा आणि पडलेली वीज जमिनीत उतरवणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरचा. जांभ्या कातळात दोन फूट रॉड ठोकून काम उरकणारे आहेत. मे महिन्यात कातळ ठणठणीत कोरडा होतो, तिथे अर्थिंग नावापुरतंच उरतं. आमचे खड्डे आगरातल्या ओल्या मातीत घेतले. वायर बारा मीटर जास्त लागली, तिचे पैसे आनंदाने दिले. वायर पाइपातून घ्यायला सांगा. माकडं उघडी वायर झोपाळ्यासारखी वापरतात.

सावली मात्र विक्रेत्यावर सोडू नका. तो एकदा येतो, मोबाइलवर काहीतरी बघतो, अंगठा वर करतो. मी डिसेंबरात एका रविवारी नऊ, अकरा, एक, तीन आणि चार वाजता स्लॅबवर जाऊन माडाची सावली जिथवर आली तिथे चिऱ्याचे तुकडे ठेवले. थंडीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, सावल्या उत्तरेकडे लांब पडतात. मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य उत्तरेकडून जातो, तेव्हा मागच्या फणसाचाही विचार करावा लागतो. एका झावळीची सावली एका पॅनेलवर पडली तरी ओळीतल्या सगळ्यांची वीज उतरते. आमच्या एका माडामुळे पॅनेलं पाच फूट सरकवली. माड तोडायचा सल्लाही मिळाला होता. वर्षाला त्याचे नारळ किती येतात हे सल्ला देणाऱ्याला माहीत नव्हतं.

एवढं झाल्यावर मी वरच्या सगळ्या अटी एका पानावर लिहिल्या आणि तेच पान तिघांना दिलं: याच मालाचा भाव सांगा. नवे आकडे आले १,४९,०००, १,४६,५०० आणि १,४८,०००. चौतीस हजारांचा फरक अडीच हजारांवर आला. सगळ्यात स्वस्त होता तोच आता सगळ्यात महाग. मी १,४८,००० वाला घेतला, कारण तो दापोलीचा आहे. योजनेत पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याकडेच असते, आणि बिघाड झाला की चिपळूणहून येणाऱ्याची वाट बघणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. अनुदान वजा जाता ८८,०००. वर्षाची बचत काढताना पूर्ण बिल धरू नका, स्थिर आकार शून्य युनिटलाही भरावाच लागतो. आमची बचत साधारण २८,००० निघते. तीन वर्षं आणि थोडं. मी चार धरली आहेत.

आता काळोखाचं. निसर्गनंतर आमच्या वाडीत वीज २३ दिवसांनी आली. त्यामुळे बॅटरी हवीच होती. हायब्रिड, म्हणजे लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा इन्व्हर्टर आणि ५.१२ किलोवॅट-अवरची, म्हणजे तेवढ्याच युनिटची लिथियम बॅटरी यांचे वरचे १,३५,००० सांगितले, आणि बॅटरीला या योजनेत अनुदान नाही. मी रात्रीचा हिशेब मांडला: तीन एलईडी बल्ब, ३० वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, वायफाय, मोबाइल. सगळं मिळून पाऊण ते एक युनिट. फ्रिज धरला तर अर्धा युनिट आणखी. १ एचपीचा पंप यात धरायचाच नाही. सुरू होताना तो नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि लहान इन्व्हर्टर तिथेच मान टाकतो. वादळाची बातमी आली की टाकी भरून ठेवायची, विहिरीवर रहाट आहेच.

१५० एएचची (अँपिअर-अवरची) साधी ट्युब्युलर, म्हणजे पाणी घालावी लागणारी शिशाची बॅटरी: १२ व्होल्ट गुणिले १५०, म्हणजे १.८ युनिट. पण ती निम्म्याखाली उतरवली की लवकर मरते, म्हणून हाती ०.९ धरा. लिथियम नव्वद टक्क्यांपर्यंत वापरता येते, पाणी घालावं लागत नाही, टिकतेही दुपटीहून जास्त. दवाखाना असेल, घरात ऑक्सिजनचं यंत्र असेल किंवा रोज तीन-चार तास लाइट जात असेल तर लिथियमच घ्या, पैसे वसूल होतात. आमच्याकडे लाइट जाते ती वाऱ्यापावसात. बाकी वर्षभर एवढी महागडी बॅटरी नुसती बसून राहिली असती.

मी एक ट्युब्युलर बॅटरी, साधा इन्व्हर्टर, आणि तिला चार्ज करायला ३३५ वॅटचं एक स्वतंत्र पॅनेल व एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीत भरणारा) असं वेगळंच घेतलं. ३९,०००. छपरावरच्या मोठ्या सिस्टीमशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे महिनाभर लाइट आली नाही तरी ढगाळ दिवसात पंखा-दिव्यापुरतं चालतं. फ्रिज त्या दिवसांत बंद. बॅटरी कुठे ठेवायची यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. बायकोने देवघराखालचं कपाट सुचवलं होतं. चार्ज होताना या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि वर समई. शेवटी ती मागल्या पडवीत, वारा खेळता असतो तिथे गेली.

कागदपत्रांत आमचं अडलं ते एकाच ठिकाणी: वीजजोडणी अजून वडिलांच्या नावावर होती. कोकणात निम्म्या घरांचं हेच आहे. अनुदान बिलावरच्या ग्राहकाच्या खात्यात जमा होतं, तेव्हा विक्रेत्याला आगाऊ रक्कम द्यायच्या आधी नाव बदलून घ्या. माझा त्यात दीड महिना गेला.

पैसे हप्त्याने द्या: नोंदणीला थोडे, माल अंगणात उतरून पॅनेलचे नंबर कागदाशी ताडून झाल्यावर मोठा हप्ता, काम झाल्यावर उरलेले. नेट मीटर, म्हणजे आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर, बसेपर्यंत सिस्टीम चालू करू देऊ नका. काही जुने मीटर बाहेर गेलेली वीजसुद्धा आपण वापरली म्हणून मोजतात. शेवटचे १०,००० मी नवीन मीटरचं पहिलं बिल हातात येईपर्यंत ठेवले होते. फेब्रुवारीत बिल आलं, स्थिर आकार आणि त्यावरचं शुल्क एवढंच. त्याच संध्याकाळी दुकानात जाऊन पैसे दिले आणि पावती घेतली.