आजारपण, अपंगत्व आणि एकट्यानं बनवायची आरपीजी: या चुका टाळा

एकट्या माणसानं हाती घेतलेल्या गेममध्ये आरपीजीइतकी, म्हणजे पात्राच्या भूमिकेत शिरून खेळायच्या गेमइतकी, लांबणारी चीज दुसरी नसेल. नकाशे, संवाद, शत्रू, शस्त्रं, क्वेस्ट (खेळाडूला दिलेल्या कामगिऱ्या), आणि या सगळ्यांचे एकमेकांत अडकलेले धागे. धडधाकट माणसंही अर्ध्यावर सोडून देतात. त्यात हात दुखत असतील, नजर अधू असेल किंवा थकवा कधी उचल खाईल याचा नेम नसेल, तर ‘रोज थोडं तरी काम करा’ हा नेहमीचा सल्ला कुचकामी ठरतो. रोज जमतच नाही, प्रश्न तिथेच तर आहे. पण आरपीजी सुट्या तुकड्यांची बनते. काम कधीही खाली ठेवता येईल आणि महिन्यानं पुन्हा उचलता येईल अशा बेतानं ते तुकडे पाडले, तर गेम पुरा होऊ शकतो. खालच्या बहुतेक चुका हा बेत न केल्यानं होतात.

चांगल्या दिवसाच्या मापानं आखणी

अंगात जरा बळ आलं की तुंबलेलं सगळं एका बैठकीत उरकायचं आणि पुढचे चार दिवस पडून काढायचे, हे चक्र जुनाट दुखणं असलेल्या कुणालाही सांगायला नको. एमई/सीएफएससारख्या दीर्घकाळच्या थकव्याच्या आजारात तर जास्त श्रमांचा फटका बहुधा १२ ते ४८ तासांनी बसतो. मंगळवारी कोसळलेला माणूस दोष मंगळवारला देतो, रविवारी रात्रीची लांबलेली बैठक त्याच्या लक्षातही नसते.

म्हणून आखणी करताना उत्तम दिवस धरू नका, बरा म्हणावा असा दिवस धरा. थांबायची वेळ बसण्याआधी ठरवा आणि ‘अजून होतंय की’ असं वाटत असतानाच उठा. हे पाळणं फार अवघड आहे, कारण रंगात आलेलं काम सोडवत नाही. पण अंगाला टायमर चालतो, उत्साह चालत नाही.

व्याप ठरवतानाही हाच हिशेब. कथेत दोन-दोन पर्यायांचे तीन निर्णय ठेवले तर ८ वाटा होतात, दहा ठेवले तर १०२४. त्या तपासणार तुम्हीच. नायकाच्या टोळीत एक जादा पात्र घेतलं की त्याचे संवाद प्रत्येक प्रसंगात, त्याची शस्त्रं प्रत्येक दुकानात आणि त्याचा तोल प्रत्येक लढाईत सांभाळावा लागतो. पहिल्या गेमला एक गाव, एक भुयार आणि तासाभराचा खेळ भरपूर झाला.

परत आल्यावर सगळं आठवेल असं धरून चालणं

आठवत नाही. तीन आठवडे औषधांच्या गुंगीत गेल्यावर तर नाहीच नाही.

आरपीजी मेकर या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधलं उदाहरण घ्या. गावात शिरताच म्हातारा बोलतो, म्हणून त्या इव्हेंटचा (नकाशावरच्या प्रसंगाचा) ट्रिगर, म्हणजे तो कशानं सुरू व्हावा ते, ऑटोरन (आपोआप) ठेवला. संवाद संपला, पण खेळाडू हलेना. गेम अडकलेला नसतो, इव्हेंट पुन्हापुन्हा पहिल्यापासून चालत असतो. इलाज सोपा आहे: इव्हेंटच्या शेवटी सेल्फ स्विच ए, म्हणजे त्या इव्हेंटपुरती चालू-बंद खूण, चालू करायचा आणि त्याच इव्हेंटला दुसरं रिकामं पान जोडून त्याची अट सेल्फ स्विच ए ठेवायची. ज्यांच्या अटी पुऱ्या होतात, त्यांतलं सगळ्यात मोठ्या क्रमांकाचं पान इंजिन (गेम चालवणारं सॉफ्टवेअर) उचलतं, त्यामुळे म्हातारा गप्प बसतो.

हे ताज्या डोक्याला पाच मिनिटांत सापडतं. पण त्या म्हाताऱ्याचं बोलणं ००४७ नावाच्या, म्हणजे नाव न दिलेल्या स्विचवर टांगलेलं असेल, तर मेंदूवर धुकं असलेल्या दिवशी सगळी दुपार त्यात जाते. प्रत्येक स्विचला आणि व्हेरिएबलला (आकडा साठवणाऱ्या खणाला) पुरतं नाव द्या: ‘म्हातारा_किल्ली_दिली’. प्लेटेस्टमध्ये, म्हणजे गेम चालवून बघताना, एफ९ दाबलं की स्विचांची यादी उघडते, तिथे ही नावं कामाला येतात.

उठण्यापूर्वी पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेवा. ‘लढाई सुधारणे’ असं मोघम नको, ‘विषाचा परिणाम लढाई संपल्यावरही राहतो, तो काढणे’ असं. गिट (बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरत असाल तर कमिटचा, म्हणजे प्रत्येक नोंदीचा, संदेश हीच तुमची वही.

लोक वापरतात म्हणून तेच इंजिन

इंजिन निवडताना दोनच गोष्टी बघा: त्यात काम करताना तुमचे हात काय करतात, आणि डोळ्यांवर किती भार येतो. ‘कोड लिहावा लागत नाही’ हे हात दुखणाऱ्याला वरदान वाटतं, पण कोडऐवजी पडद्यावरचे ठोकळे ओढून तारा जोडायच्या म्हणजे दिवसभर माउस दाबून धरणं. टाइप केलेला कोड कित्येकदा बोटांना स्वस्त पडतो. कोणतंही इंजिन वाईट दिवशी तासभर वापरून बघा, चांगल्या दिवशी सगळीच बरी वाटतात.

आवाजानं कोड लिहायचा तर साधं डिक्टेशन पुरत नाही, कंस आणि चिन्हं सांगताना जीव मेटाकुटीला येतो. त्यासाठी टॅलन हा आवाजानं कोड लिहायचा प्रोग्राम आहे. माउस-मेनू सांभाळायला विंडोज ११ मधलं व्हॉइस अॅक्सेस किंवा मॅकमधलं व्हॉइस कंट्रोल चालतं. मात्र सगळा भार घशावर टाकू नका, घसाही बसतो. निम्मं बोलून, निम्मं स्टिकी कीज (जोडकळा एकेक करून दाबायची सोय) लावलेल्या कीबोर्डवर, अशी वाटणी टिकते.

स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्यांसाठी गोडो या इंजिनाच्या ४.५ आवृत्तीत, म्हणजे सप्टेंबर २०२५ पासून, इंजिनातच आधार आला, पण तो अजून प्रायोगिक आहे. बाहेरच्या एडिटरमध्ये, उदाहरणार्थ व्हीएस कोडमध्ये, लिहिणं जास्त भरवशाचं. गोडोची सीन फाइल मजकुराच्या रूपातच असते, त्यामुळे अडलं तर थेट वाचता येते. गोडोच्या जीडीस्क्रिप्ट भाषेत ओळ किती आत सरकली यावर अर्थ ठरतो, म्हणून एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये इंडेंटेशन सुरांनी ऐकवायची सोय चालू करा. टॅब आणि स्पेस मिसळल्याची चूक दाखवली, तर एडिटरमध्ये पूर्ण फाइल एकाच पद्धतीवर आणा, ओळ-ओळ शोधत बसू नका. संवाद इंक किंवा यार्न स्पिनर या संवाद लिहायच्या साधनांमध्ये लिहिले तर ते इंजिन न उघडता, पडल्यापडल्याही लिहिता येतात.

खेळाडूंच्या सोयी शेवटावर ढकलणं

आपण स्वतः अपंग आहोत म्हणून आपला गेम सगळ्यांना जमेल, हा गोड गैरसमज आहे. एका हातानं खेळता येणारा गेम अंध खेळाडूला भिंतच वाटू शकतो.

कीबोर्डच्या कळा बदलायची सोय शेवटी जोडायला गेलात तर कोडमध्ये शंभर ठिकाणी लिहिलेलं ‘स्पेसबार’ उपसावं लागतं. सुरुवातीपासून कळेऐवजी क्रियेचं नाव वापरा. अक्षराचा आकार दीडपट करून पहिल्याच आठवड्यात बघा, संवादाची चौकट ठरावीक उंचीची असेल तर शेवटची ओळ कापली जाते. विष हिरवं आणि आग लाल, एवढ्यावर भागवू नका, चिन्हही द्या. जादूचे लखलखाट सेकंदाला तिनापेक्षा जास्त नकोत, अपस्माराचा झटका येऊ शकतो. आणि कुठेही सेव्ह करू द्या. पुढच्या सेव्ह पॉइंटपर्यंत वीस मिनिटं दुखणं रोखून धरा, असं खेळाडूला सांगता येत नाही.

तारीख आणि पैसा

गेम तयार होण्यापूर्वी तारीख जाहीर करू नका. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात दर गेमला १०० डॉलर भरावे लागतात, गेमनं १००० डॉलरची कमाई केल्यावर ते परत मिळतात. नव्या विकसकाला पैसे भरल्यापासून प्रकाशनापर्यंत ३० दिवस थांबावं लागतं आणि ‘लवकरच येत आहे’ हे पान किमान दोन आठवडे आधी लावावं लागतं. हा सक्तीचा वेळ विश्रांतीला वापरा, नवी क्वेस्ट घुसडायला नको. इच.आयओ या छोट्या गेमांच्या संकेतस्थळावर आधी डेमो टाकायला काहीच पैसे पडत नाहीत.

अपंगत्वाचा भत्ता मिळत असेल तर लोकवर्गणी सुरू करण्याआधी नियम वाचा. अनेक ठिकाणी भत्ता उत्पन्नावर किंवा शिलकीवर ठरतो, आणि वर्गणी एकरकमी येते. कामाला सोबती घेतलात तर आजाराचा इतिहास सांगायची गरज नाही, ‘उत्तराला चार दिवस लागू शकतात’ एवढं पुरे.

प्रकाशनाचा दिवस असा निवडा की पुढचे दोन दिवस दुसरं काही नाही. पहिल्या दिवशी येणाऱ्या तक्रारींपैकी फक्त गेम बंद पडणं आणि सेव्ह बिघडणं हातात घ्या, बाकी यादीत. सेव्ह फाइलमध्ये आवृत्तीचा आकडा पहिल्यापासून असेल तर जुनी सेव्ह ओळखून दुरुस्त करता येते, नसेल तर लोकांना खेळ नव्यानं सुरू करायला सांगावं लागतं.