फिंगर लेक्सला वाइन चाखताना

न्यू जर्सीहून नायगाराला गाडीने निघालात, तर वाटेत न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स या तळ्यांच्या भागात, सेनेका तळ्याकाठी अर्धा दिवस काढाच. ६०० फुटांहून खोल असलेलं हे तळं हिवाळ्यात सहसा गोठत नाही आणि आसपासची हवा जरा उबदार ठेवतं, म्हणून काठच्या उतारावरच्या द्राक्षवेली कडाक्याच्या थंडीतही तगतात. इथली खासियत रिझलिंग ही पांढरी वाइन. आधी ‘ड्राय’ म्हणजे गोड नसलेली मागा, गोड शेवटी. उलट केलंत तर ड्राय नुसतीच आंबट लागते. पेल्यात उरलेली वाइन काउंटरवरच्या भांड्यात बिनधास्त ओता, कोणी नाक मुरडत नाही. दोन वायनरी पुरेत, तिसरीत जीभ बधिर होते. गाडी चालवणाऱ्याने मात्र द्राक्षाच्या रसावरच भागवावं. बाटल्या तापलेल्या डिकीत ठेवू नका. आणि भारतातून आलेल्या आईबाबांचे पासपोर्ट बरोबर असू द्या. केस पिकलेल्यांकडेही वयाचा पुरावा मागू शकतात!