हेडलाइटला जास्त वॉटचा बल्ब लावण्याआधी

पावसाळ्यात रात्री घाट उतरताना मोटरसायकलचा उजेड अपुरा पडू लागला, की १००/९० वॉटचा (अपरला, म्हणजे लांब पडणाऱ्या उजेडाला १०० आणि डिपरला, म्हणजे जवळ पडणाऱ्या उजेडाला ९० वॉट) बल्ब आणून जुन्याच होल्डरमध्ये बसवण्याचा मोह होतो. माझ्या साडेतीनशे सीसीच्या गाडीत मूळच्या ६०/५५ वॉटच्या एच-४ (दोन फिलामेंटच्या हॅलोजन बल्बचा एक प्रमाणित प्रकार) बल्बच्या जागी मीही तसा बल्ब बसवला होता. तीन आठवड्यांनी डिपर बंद पडला म्हणून हेडलाइट उघडला, तेव्हा पांढरा होल्डर तपकिरी होऊन एका पिनेभोवती वितळलेला दिसला आणि वायरचे वेष्टण बोटाने दाबताच त्याचे कपचे उडाले. कारण साधे आहे. बारा व्होल्टवर ६० वॉटचा बल्ब ५ अँपिअर घेतो आणि १०० वॉटचा ८ अँपिअरहून अधिक. वायरमध्ये निर्माण होणारी उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ती सुमारे पावणेतीन पट होते.

म्हणून बल्ब विकत घेण्यापूर्वी मल्टिमीटर हाती घ्यावा. इंजिनचा वेग थोडा वाढवून ठेवावा, हेडलाइट चालू करावा आणि प्रथम बॅटरीच्या टोकांवरचे, मग होल्डर बल्बला जोडलेला असतानाच त्याच्या मागच्या पिनांवरचे व्होल्टेज मोजावे. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग ठीक आहे. एक व्होल्टच्या वर असेल तर दोष बल्बचा नसून हँडलवरच्या स्विचचा, वायरी जोडणाऱ्या गंजलेल्या कपलरचा किंवा कच्च्या अर्थिंगचा आहे. हॅलोजन बल्बचे व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो, त्यामुळे पुष्कळ गाड्यांमध्ये केवळ हा दोष काढला तरी जास्त वॉटच्या बल्बची गरजच उरत नाही.

हा दोष काढण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे रिले, म्हणजेच लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच. अपर आणि डिपर यांसाठी दोन स्वतंत्र रिले घ्यावेत. बॅटरीच्या धन टोकापासून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून निघालेली जाड वायर दोन्ही रिलेंच्या ३० क्रमांकाच्या पिनेला जोडावी आणि हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच ठेवावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांमधली वायर कुठे घासून उघडी पडली तर तिला कोणतेच संरक्षण नसते. ८७ क्रमांकाच्या पिनेतून बल्बकडे वायर न्यावी, ८६ ला हेडलाइटची मूळ अपर किंवा डिपरची वायर द्यावी आणि ८५ अर्थ करावी. मूळ बल्बसाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, त्याहून मोठ्या बल्बला अडीचची घ्यावी. होल्डर सिरॅमिकचा असावा. बल्बची अर्थ वायरही तेवढ्याच जाडीची घेऊन थेट बॅटरीच्या ऋण टोकाला न्यावी; रंग दिलेल्या चासीवर अर्थिंगसाठी विसंबू नये.

आता बल्बविषयी. ६०/५५ वॉटच्या गाडीत त्याच वॉटचा, पण अधिक उजेड देणारा मान्यताप्राप्त एच-४ बल्ब बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १००/९० वॉटचे बल्ब सार्वजनिक रस्त्यासाठी नाहीत. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, रिफ्लेक्टर करपतो, आणि वाहनाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे निर्बंध आहेत. लहान गाड्यांमधला ३५/३५ वॉटचा एचएस-१ बल्ब एच-४ सारखाच दिसतो, पण त्याची बैठक वेगळी असते. एच-४ ची पट्टी कानशीने घासून तो बल्ब तिथे बसवणारे पुष्कळ भेटतात, मात्र त्यामुळे फिलामेंट रिफ्लेक्टरच्या केंद्रापासून ढळते आणि उजेड रस्त्याऐवजी झाडांवर जातो. जुन्या गाड्यांत हेडलाइट बॅटरीऐवजी थेट मॅग्नेटोच्या (इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या) एसी प्रवाहावर चालतो, तिथे वरची रिले-जोडणी तशीच लागू पडत नाही आणि मोठा बल्ब इंजिनच्या कमी वेगावर आणखी मंद होतो. एप्रिल २०१७ पासूनच्या दुचाकींमध्ये इंजिन सुरू असेपर्यंत हेडलाइट जळतच राहतो, म्हणून वाढीव भार बॅटरी आणि चार्जिंगवर दिवसभर पडतो, हेही हिशेबात धरावे.

बल्ब बसवताना काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल क्वार्ट्झ काचेवर राहिले की तिथेच ती जास्त तापून बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसून काच कोरडी होऊ द्यावी.

शेवटी गाडी सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करावी, टायरमध्ये हवा योग्य असावी आणि नेहमीचा चालक सीटवर बसलेला असावा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने आखावी आणि डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेषेच्या ५ ते ७ सेंटिमीटर खाली येईल असा हेडलाइट वळवावा. त्यानंतर अर्धा तास गाडी चालवून आणावी, इंजिन बंद करावे आणि होल्डरच्या मागच्या वायरांना व फ्यूजच्या घराला हात लावून पाहावा. ती कोमट असतील तर काम झाले. चटका बसत असेल तर एखादा जोड सैल आहे, तो सापडेपर्यंत रात्री गाडी बाहेर काढू नये.