ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना दातांचं सगळं सांगा

ऑपरेशन ठरलं की बीपी, शुगर, ईसीजी सगळं होतं, दातांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही, आणि मग शुद्धीवर आल्यावर पुढचा दात तुटलेला दिसला की वॉर्डात भांडण. पूर्ण भूल देताना श्वासाची नळी घालायला लॅरिंगोस्कोपचं पातं तोंडात घालतात, तोंड नीट उघडत नसेल तर त्याचा दाब वरच्या पुढच्या दातांवर येतो. दुसरा धोका शुद्धीवर येताना, पेशंट अर्धवट जागा होतो आणि नळीच करकचून चावतो.

म्हणून पीएसीला, म्हणजे भूल देण्याआधीच्या तपासणीला, भूलतज्ज्ञ तोंड बघतात तेव्हा "काही नाही हो" म्हणून मोकळं व्हायचं नाही. हलणारा दात, कॅप, ब्रिज, रूट कॅनल केलेला, सगळं बोट लावून दाखवायचं आणि पेपरवर लिहून घ्यायला सांगायचं. मिशरी लावणाऱ्या आज्या-काकवा लाजून गप्प बसतात, त्यांच्या वतीने तुम्ही सांगा. आणि गुटखा-सुपारीवाल्यांनो, तोंडात तीन बोटं उभी जात नसतील तर हे लपवू नका, इथे दातापेक्षा श्वासाचा प्रश्न आहे, आधी कळलं तर ते कॅमेरावाला स्कोप वगैरे तयारी ठेवतात.

ऑपरेशनला वेळ असेल तर आधी डेंटिस्टकडे जाऊन या, फार हलणारा दात ते काढतात किंवा शेजारच्या दातांना बांधून पक्का करतात. स्पायनलमध्ये, म्हणजे पाठीत इंजेक्शन देऊन फक्त कमरेखालचा भाग बधिर करतात त्यात, भागेल का तेही विचारा, बऱ्याचदा भागत नाही पण विचारायला काय जातंय.

लहान मुलांचे दुधाचे दात साधारण सहाव्या वर्षापासून हलायला लागतात, कुठला हलतोय ते सांगाच, कारण तो सुटून श्वासनलिकेत गेला तर पंचाईत, म्हणून कधीकधी आईवडिलांना विचारून भुलेतच काढून टाकतात.

काढता येणारी कवळी सहसा वॉर्डातच काढायला लावतात, नाव लिहिलेल्या डबीत पाण्यात ठेवा, कागदात गुंडाळली की कचऱ्यात गेलीच समजा.

एवढं करूनही दात तुटला तर डिस्चार्जआधीच बोला. तुकडा सापडला का विचारा, नसेल तर छातीचा एक्स-रे करायला हवा. मोठ्या माणसाचा अख्खा दात निघाला असेल तर मुळाला हात न लावता दुधात किंवा सलाईनमध्ये ठेवून डेंटिस्टला लगेच बोलवायला सांगा, तासाभरात बसवला तर टिकायची आशा असते.