लायडारच्या टाइल्समध्ये जोड दिसू नये म्हणून

ठाणे-नवी मुंबईचा हवाई लायडार डेटा (विमानातून लेसर किरण सोडून मोजलेले उंचीचे बिंदू) १ किलोमीटरच्या टाइल्समध्ये कापताना प्रत्येक टाइलला चारही बाजूंनी ५० मीटरची जादा पट्टी ठेवा. जमिनीचं वर्गीकरण (कोणते बिंदू जमिनीचे ते ठरवणं) आणि डीईएम (जमिनीच्या उंचीचा ग्रिड) त्या पट्टीसकट करा, छाटणी अगदी शेवटी. नाहीतर कडेच्या बिंदूंना शेजारी मिळत नाहीत आणि हिलशेडवर (उंचसखलपणा सावल्यांनी दाखवणाऱ्या चित्रावर) टाइल्सच्या हद्दी सरळ रेघांसारख्या उमटतात. येऊर किंवा पारसिकच्या उतारावर तर हमखास. हद्दीवर मॉल किंवा गोदामाचं मोठं छप्पर येत असेल तर ५० मीटरही अपुरे पडतात. अर्धवट कापलेलं छप्पर जमीन समजलं जातं, म्हणून पट्टी छपराच्या रुंदीहून मोठी घ्या.

प्रोजेक्शन (नकाशाची निर्देशांक पद्धत) यूटीएम ४३ उत्तर, ग्रिडचा आरंभबिंदू सगळ्या टाइल्सना एकच ठेवा.

खाडी वेगळी हाताळावी लागते. निकट-अवरक्त लेसर पाणी शोषून घेतं, बिंदू विरळ पडतात आणि टीआयएन (बिंदू त्रिकोणांनी जोडून केलेला पृष्ठभाग) एका काठापासून दुसऱ्यापर्यंत लांबलचक त्रिकोण ओढतं. काठाची ब्रेकलाइन (त्रिकोणांनी ओलांडू नये अशी रेघ) आखून पाण्याचा पृष्ठभाग सपाट करा. तिवरांखाली जमिनीपर्यंत फार थोडे किरण पोचतात. तिथल्या उंचीवर पूररेषा आखण्याआधी प्रत्यक्ष मोजणी घ्याच.

खाडीकाठी उंची उणे ६० मीटरच्या आसपास दिसली, तर ती एलिप्सॉइडवरची (पृथ्वीच्या गणिती लंबगोल आकारापासून मोजलेली) आहे. जिऑइडची (साधारण समुद्रपातळीच्या पृष्ठभागाची) दुरुस्ती लावायची राहिली.