काढलेली पट्टी फेकण्याआधी

ड्रेसिंगच्या कामाला लागले तेव्हा पहिला महिनाभर माझा सगळा जीव नव्या पट्टीत अडकलेला असायचा. गॉज सरळ बसलं का, चिकटपट्टीचे कोपरे दुमडले नाहीत ना, ट्रे नीट लावला का. जुनं ड्रेसिंग म्हणजे नुसती घाण. चिमट्याने उचलायचं, कचऱ्याच्या पिशवीत सोडायचं आणि पुढे जायचं. एकदा आमच्या सिनियर सिस्टरनी मला तेच पिशवीतून परत बाहेर काढायला लावलं. म्हणाल्या, "जखम कालपासून काय करतेय ते यावर लिहिलंय. वाचलंस का?"

नव्याने या कामात येणाऱ्यांना मी आता तेच सांगते. पट्टी बांधणं हात आठवडाभरात शिकतात. काढलेली पट्टी वाचायला मात्र वेळ लागतो, आणि ते शिकवायला कोणी मुद्दाम बसत नाही.

काय वाचायचं? आधी ती किती भिजली आहे ते. ओल वरच्या थरापर्यंत आली असेल, तर जंतूंना आत जायला वाट मिळाली. मग ठरलेल्या वेळेची वाट न बघता ड्रेसिंग बदलायचं, आणि पुढच्या वेळी जास्त शोषणारं निवडायचं. उलट गॉज कोरडंठाक आणि जखमेला घट्ट चिकटलेलं असेल, तर आपण जखम वाळवतोय. मग रंग. पहिल्या काही दिवसांत पातळ, फिकट पिवळसर पाणी येणारच, त्याला घाबरायचं कारण नाही. ते दाट, गढूळ झालं, हिरवट छटा आली किंवा काल थांबलेलं रक्त आज पुन्हा दिसलं, तर डॉक्टरांना कळवायचं. वासाचा निर्णय मात्र जखम धुतल्यावरच घ्यायचा. हायड्रोकोलॉइडची, म्हणजे जखमेतलं पाणी शोषणाऱ्या चिकट ड्रेसिंगची चकती काढली की खाली पिवळट, वास येणारी जेली निघते. पहिल्यांदा बघणारा हमखास म्हणतो, पू झालाय! ती त्या चकतीतलीच जेल असते, जखमेतलं पाणी पिऊन फुगलेली. धुतल्यावरही वास राहिला तर काळजीचं.

आणि मोजायचं. आत घातलेले तुकडे किती होते आणि बाहेर किती आले? ही अक्कल मला माझ्याच चुकीतून आली. एका खोल जखमेत मी गॉजचे दोन तुकडे भरले आणि नोंदीत नुसतं 'पॅकिंग केलं' असं लिहिलं. पुढच्या पाळीत एकच निघाला. दुसरा आत आहे हे कोणाला कळणार? चार दिवसांनी वास यायला लागला, तेव्हा कोपऱ्यातून तो काळपट बोळा बाहेर आला. तेव्हापासून शक्य तिथे मी एकच लांब पट्टी वापरते, तिचं टोक बाहेर दिसेल असं ठेवते, आकडा लिहिते. आणि सैल भरते. ठासून भरलं की आतल्या मांसाचा रक्तपुरवठा दबतो.

'जखमेला वारा लागू दे, खपली धरू दे' हे आपण सगळेच ऐकत वाढलो. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवरच्या उथळ जखमांवर प्रयोग करून दाखवलं, की पातळ प्लॅस्टिकखाली ओलसर राहिलेली जखम उघड्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने कातडी धरते. कारण सरळ आहे. नव्या कातडीच्या पेशी कडेकडून सरकत मध्याकडे येतात. ओल असेल तर त्या वरून सरकतात, खपली असेल तर तिच्याखालून वाट काढावी लागते.

पण ओलसर आणि ओलीचिंब यांत फरक आहे. बराच वेळ पाण्यात राहिलेली बोटं जशी पांढरी, सुरकुतलेली होतात, तशा कडा दिसल्या की समजायचं, पाणी जास्त झालंय. म्हणून 'सगळ्यात चांगलं ड्रेसिंग कोणतं' हा प्रश्नच मला पटत नाही. जखम कोरडी असेल तर हायड्रोजेल ओल देतं. खूप पाझरत असेल तर फोम किंवा अल्जिनेट. हे अल्जिनेट समुद्री शेवाळापासून बनतं आणि पाणी शोषून त्याची जेल होते. तेच कोरड्या जखमेवर ठेवलंत तर चिकटून बसेल आणि काढताना पेशंट तुमचं नाव काढेल. एक अपवाद लक्षात ठेवा: टाचेवरची किंवा रक्तपुरवठा कमी असलेल्या पायावरची काळी, कोरडी, घट्ट बसलेली खपली. तिला स्वतःच्या मनाने मऊ करायला जाऊ नका. ती कोरडी ठेवायची, रोज बघायची, आणि निर्णय डॉक्टरांचा.

धुण्याबद्दल थोडक्यात. ०.९ टक्के सलाईन, म्हणजे मिठाचं पाणी, तेही गार नको, कारण जखम थंड पडली की पेशींचं काम मंदावतं. सिरिंजने धार सोडायची, बोळ्याने घासायचं नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून पेशंटला बरं वाटतं, पण नव्याने आलेल्या पेशी त्याच फेसात मरतात. जंतुसंसर्ग झालेल्या जखमेचं गणित वेगळं. स्वच्छ, लालबुंद, दाणेदार मांस भरून येणाऱ्या जखमेवर मात्र रोज जंतुनाशक ओतायची सवय सोडा. ऑपरेशनची टाके घातलेली जखम कोरडी असेल तर पहिले ४८ तास उघडूच नये. तेवढ्यात तिच्या कडा वरून मिटतात. उत्सुकतेपोटी डोकावणारे बरेच असतात, त्यांना अडवायचं कामही आपलंच.

दुखण्याचं कोणी फारसं लिहून ठेवत नाही. गोळी द्यायची असेल तर ड्रेसिंगच्या अर्धा तास आधी, ट्रॉली समोर आल्यावर नाही. चिकटलेलं गॉज सलाईनने भिजवा आणि थांबा. हे थांबणंच जमत नाही, बाकीचे पेशंट वाट बघत असतात. पण ओढलंत की आठवडाभरात आलेली कातडी गॉजबरोबर निघते. चिकटपट्टी केसांच्या दिशेने, त्वचा एका हाताने दाबून धरत काढा. पेशंटला स्वतः काढायची असेल तर काढू द्या. स्वतःच्या हाताने कमी दुखतं, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

नोंदीत 'जखम ठीक' असं लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे. ठीक म्हणजे काय? लांबी, रुंदी, खोली सेंटीमीटरमध्ये लिहा. कडेखाली पोकळी असेल तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, डोक्याकडची बाजू १२ धरून सांगा. तळाशी लाल किती, पिवळं किती, काळं किती, तेही लिहा. मधुमेहाच्या पायावरची जखम ४ आठवड्यांत क्षेत्रफळाने निम्मी झाली नाही, तर पट्ट्या बदलत बसू नका. साखर, रक्तपुरवठा, पायावर पडणारा भार हे पुन्हा तपासायला हवं. आणि घरी जाणाऱ्याला चार गोष्टी स्पष्ट सांगा. दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, लाली पसरत गेली, पू आला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी परत यायचं. सिगारेट बंद, जेवणात पुरेशी प्रथिनं. वरून मिटलेली जखम आतून कच्चीच असते. ३ आठवड्यांनी तिला मूळ त्वचेच्या साधारण पाचव्या भागाइतकी ताकद आलेली असते, आणि कितीही काळ गेला तरी ती सुमारे ८० टक्क्यांच्या वर जात नाही. टाके निघाले म्हणून लगेच ओझी उचलणारे आपल्याकडेच परत येतात.

एक आजोबा होते, पडून राहून कमरेखाली जखम झालेले. त्यांना ती स्वतःला दिसायची नाही, त्यामुळे 'बरी होतेय' या आमच्या बोलण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मी दर आठवड्याला पारदर्शक कागदावर जखमेची कड गिरवून घ्यायला लागले आणि त्यावरून तीच रेघ दुसऱ्या स्वच्छ कागदावर उतरवून त्यांना द्यायला. चौथ्या आठवड्यात मी गडबडीत विसरले. नवीन पट्टी लावून झाल्यावर ते उशीखालून आधीचे तीन कागद काढत म्हणाले, "सिस्टर, आजचा नकाशा राहिला." पट्टी पुन्हा उघडता येत नव्हती. त्या दिवशीची मापं मी नोंदीत लिहिलेली होती, ती त्यांना वाचून दाखवली.