पोस्टग्रेस तेच, मशीन नवं आणि हरवलेले ग्राहक

सेंटओएस 7 या ऑपरेटिंग सिस्टीमचा सपोर्ट 30 जून 2024 ला संपणार होता, म्हणून नव्या मशीनवर जायची आमची घाई होती. मी डेटाबेसच्या कामात जेमतेम वर्षभराची. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, दोन्हीकडे व्हर्जन 13, मग अडचण कसली? रॉकी लिनक्स 8 टाकलं, स्ट्रीमिंग रेप्लिका (चालू डेटाबेसची सतत अद्ययावत राहणारी हुबेहूब प्रत) उभी केली, शनिवारी रात्री प्रमोट केली, म्हणजे तिलाच मुख्य डेटाबेस केलं, आणि झोपले. सोमवारी फोन सुरू: जुना ग्राहक शोधला तर सापडत नाही.

रेकॉर्ड होता हो! पूर्ण टेबल चाळलं की दिसायचा, कोड टाकून शोधला की गायब.

झालं असं की मजकुराचा क्रम पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही. वेगळं काही सांगितलं नसेल तर ऑपरेटिंग सिस्टीमच्या जीलिबसी या मूळ लायब्ररीला विचारतं. सेंटओएस 7 वर ती 2.17, रॉकी 8 वर 2.28, आणि नेमके 2.28 मध्ये क्रमाचे नियम बदलले. जुन्या मशीनवर '11' आधी, '1-1' नंतर, नव्यावर उलटं. आमचे ग्राहक-कोड सगळे डॅशवाले! रेप्लिका फाइली जशाच्या तशा आणते, म्हणजे इंडेक्स (शोध लवकर लागावा म्हणून ठेवलेली क्रमवार यादी) जुन्या क्रमाने लावलेला आणि शोध नव्या क्रमाने चाललेला. 'क्ष' शेवटी छापलेल्या शब्दकोशात 'क्षमा' क मध्ये शोधत बसल्यासारखं.

यात युनिक इंडेक्सही, म्हणजे तोच कोड दोनदा येऊ न देणारा इंडेक्स, आंधळा होतो. ग्राहक मिळेना म्हणून ऑपरेटरने तो पुन्हा भरला, आणि डेटाबेसने मुकाट्याने घेतला. मग री-इंडेक्स करायला, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधायला गेले तर डुप्लिकेट सापडले म्हणून तेच अडकलं. दोन्ही नोंदींवर बिलं झालेली. कुठली ठेवायची यात चार दिवस गेले.

डंप-रिस्टोअर म्हणजे डेटा फाइलीत उतरवून नव्या मशीनवर पुन्हा भरणं. 'ते जुन्या लोकांचं काम' असं सांगणारा सीनियर तुमच्याकडेही असेल. त्याच्याकडून चहा घ्या, हा सल्ला नको. डेटा मावण्यासारखा असेल तर डंपच घ्या, कारण रिस्टोअर करताना इंडेक्स नव्याने बनतात. मोठा असेल तर लॉजिकल रेप्लिकेशन, म्हणजे फाइलींऐवजी नोंदींमधले बदल पाठवणं. रेप्लिकाच प्रमोट करायची असेल, तर अॅप सुरू करण्याआधी मजकुरावरचे सगळे इंडेक्स री-इंडेक्स करा. आधी नाही केलंत तर माझ्यासारखे डुप्लिकेट वेचत बसाल.

घाबरू नका, तपासणी दोन मिनिटांची आहे. डेटाबेसचं लोकॅल (भाषेचं सेटिंग) लावून दोन्ही मशीनवर '1-1' आणि '11' सॉर्ट कमांडला द्या. क्रम वेगळा आला की समजा, फाइली उचलून नेण्यात धोका आहे. कोलेशन (मजकुराच्या क्रमाचे नियम) 'सी', म्हणजे साधा बाइटनुसार क्रम, असेल तर ही भानगडच नाही. माझी नोकरी टिकली, तुमचीही टिकेल.

पोस्टग्रेस 15 पासून डेटाबेसचं कोलेशन व्हर्जन जुळलं नाही तर वॉर्निंग येते. ती घालवणारी रिफ्रेशची कमांडही आहे, पण तिने फक्त नोंदवलेला आकडा बदलतो. इंडेक्स आतून तसाच उलटासुलटा राहतो, आणि सांगायला आता वॉर्निंगही उरत नाही.